ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक: गेन वाढवण्याआधी शू आणि वायर बघा

ट्रेलर मागून ढकलतो, कंट्रोलरचा (गाडीतून ट्रेलरच्या ब्रेकला करंट सोडणाऱ्या डब्याचा) गेन, म्हणजे ब्रेकचा जोर ठरवणारा आकडा, शेवटपर्यंत नेला तरी ढकलतोच, म्हणजे कंट्रोलर गेला असणार. लहान कॅराव्हॅन ओढणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे, आणि बहुतेक वेळा कंट्रोलरला काहीही झालेलं नसतं. दोष असतो शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) आणि ड्रममधल्या वाढलेल्या फटीत, नाहीतर बॅटरीपासून ब्रेक ओढणाऱ्या मॅग्नेटपर्यंत येता येता वाटेत हरवलेल्या व्होल्टेजमध्ये. कंट्रोलर फक्त किती जोर सोडायचा ते ठरवतो. तो जोर मॅग्नेटपर्यंत पोचवायचं काम वायरचं, आणि मॅग्नेटने ओढल्यावर शू ड्रमला भिडवायचं काम ॲडजस्टमेंटचं. म्हणून गेनच्या बटणाला हात लावायच्या आधी ड्रमखाली शिरावं लागतं.

हे सगळं लिहितोय ते एका ॲक्सलच्या, साधारण ८०० ते १,४०० किलोच्या ट्रेलरसाठी. म्हैसमाळ, जायकवाडीचा काठ, अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट, येलदरी अशा ठिकाणी मुक्कामाला नेण्यासारखे लहान ट्रेलर या वजनात बसतात. असा ट्रेलर आपल्याकडे ट्रॉल्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडूनही बांधून घेता येतो आणि ब्रेकचं किट बाहेरून मागवता येतं. फॅब्रिकेटर चेसिस भक्कम करून देतो, त्यात वाद नाही. पण उसाच्या ट्रॉलीला जे चालून जातं ते इथे चालत नाही. ट्रॉली ताशी वीस-पंचवीसने जाते, तुमचा ट्रेलर सत्तर-ऐंशीने जाणार आहे.

उताराला भरलेली बैलगाडी जशी बैलांच्या मानेवर येते, तसा बिनब्रेकचा ट्रेलर गाडीच्या हुकावर येतो. किती येतो त्याचा हिशोब एकदा करून ठेवा. १,१०० किलोचा ट्रेलर ताशी ६० किलोमीटरवरून थांबवायचा तर साधारण १५३ किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन जावी लागते. तोच ट्रेलर उभ्या उंचीने १०० मीटर खाली उतरवला तर १,०७८ किलोज्यूल. म्हणजे १०० मीटर उंची उतरणं हे ६० वरून सात वेळा थांबण्याइतकं आहे. त्यातला काही वाटा इंजिन आणि वारा घेतात, उरलेलं सगळं ब्रेकवर. कन्नडचा औट्रम घाट १०० मीटरपेक्षा बराच जास्त उतरतो. ट्रेलरचे ब्रेक काम करत नसतील तर ही सगळी उष्णता गाडीच्या पुढच्या डिस्कमध्ये जाते आणि घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत पेडल मऊ पडायला लागतं.

ड्रमच्या आत काय चालतं

ड्रम काढला की बॅकिंग प्लेटवर दोन शू दिसतात. पुढच्या शूचं लायनिंग आखूड असतं, मागच्याचं लांब. वरच्या खुंटीवरून एक लिव्हर खाली लोंबतो आणि त्याच्या खालच्या टोकाला मॅग्नेट असतो, मागे स्प्रिंग लावून ड्रमकडे हलकासा रेटलेला. ड्रमच्या आतल्या तळाला मशीन केलेली सपाट कडी असते, तिला आर्मेचर म्हणतात. मॅग्नेटचं तोंड या आर्मेचरला टेकलेलं असतं.

करंट आला की मॅग्नेट फिरत्या आर्मेचरला चिकटू पाहतो आणि चाकाच्या दिशेने ओढला जातो. त्याच्याबरोबर लिव्हर सरकतो, वरचा कॅम पुढच्या आखूड शूला ड्रमवर दाबतो. तो शू ड्रमबरोबर फिरू पाहतो आणि खालच्या ॲडजस्टरमधून मागच्या लांब शूला रेटा देतो. खरा ब्रेक लागतो तो या लांब शूने. मॅग्नेटची ताकद थोडीच असते, ती वाढवण्याचं काम चाकाचं स्वतःचं फिरणं करतं.

यातून बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. डावा आणि उजवा ब्रेक वेगळे असतात. अदलाबदल झाली तर आखूड शू मागे जातो आणि पुढे जाताना ब्रेक अर्धवट लागतो. दोन्ही बाजूंना प्लेटमागून बघायचं: आखूड शू गाडीच्या दिशेलाच हवा. मागे घेताना हेच ब्रेक लागतात, पण कमी जोराने. आणि चाक फिरत नसेल तर मॅग्नेट लिव्हर ओढूच शकत नाही, त्यामुळे पार्किंगसाठी इलेक्ट्रिक ब्रेकवर विसंबू नका. चाकाला दगड लावायचाच.

ॲक्सलला ब्रेकची प्लेट बसवायला चार बोल्टचा फ्लँज वेल्ड करावा लागतो. तो स्पिंडलशी अगदी काटकोनात हवा. तिरका बसला तर मॅग्नेट आर्मेचरवर एका कडेने घासतो, एका बाजूला झिजतो आणि ब्रेक झटके देतो. फॅब्रिकेटरला आधी टॅक मारायला सांगा, मग डायल गेज लावून चाक फिरवल्यासारखं तपासा, मगच पूर्ण वेल्ड. ही अर्ध्या तासाची मेहनत पुढची सगळी कटकट वाचवते.

मापाचं एवढंच: सुमारे १,६०० किलो क्षमतेच्या, म्हणजे ३,५०० पौंडी ॲक्सलला १० इंच व्यासाचे, सव्वादोन इंच रुंदीचे ब्रेक येतात. त्या हबला सहसा ५ बोल्ट असतात, पीसीडी (बोल्टच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) साडेचार इंच म्हणजे ११४.३ मिलिमीटर. रिम घेण्याआधी हे जुळवून बघा. स्टेपनी गाडीची आणि ट्रेलरची एकच ठेवता आली तर उत्तमच. ७ इंची ब्रेक हे ९०० ते १,००० किलोपर्यंतच्या ॲक्सलसाठी असतात. भरलेला ट्रेलर टनाच्या पुढे जाणार असेल तर तिथे काटकसर करू नये.

ओव्हररन ब्रेकवाले ट्रेलरही मिळतात. त्यात ट्रेलरने गाडीला ढकललं की कपलिंगचा दांडा आत जातो आणि ब्रेक ओढला जातो. वायरिंग लागत नाही, हा मोठा फायदा. पण लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलतच असतो म्हणून ब्रेक सतत घासत राहतो, आणि ट्रेलर डुलायला लागला तर चालकाला एकट्या ट्रेलरचा ब्रेक लावता येत नाही. घाटात वरचेवर जायचं असेल तर माझं मत इलेक्ट्रिकच्या बाजूने आहे.

कंट्रोलर कोणता

दोन जाती आहेत. एक टाइम-डिलेवाला: पेडल दाबून ब्रेकचा दिवा लागला की ठरलेल्या गतीने करंट वाढवत नेतो. पेडल हळू दाबलं काय, जोरात दाबलं काय, त्याला फरक कळत नाही. दुसरा प्रपोर्शनल: त्याच्या आत सेन्सर असतो, गाडी जितकी जोरात मंदावते तितका जास्त करंट तो सोडतो. आपल्या रस्त्यांवर दर गावाला गतिरोधक, शाळेला गतिरोधक, कारखान्याच्या फाट्याला गतिरोधक. टाइम-डिलेवाला प्रत्येक वेळी ट्रेलरला सारखाच हिसका देतो. कमी किमतीत मिळतो म्हणून तो घेऊ नका, प्रपोर्शनलच घ्या. टेकोन्शाचा प्रॉडिजी पी३ आणि रेडार्कचा टो-प्रो एलिट हे दोन्ही या जातीतले.

प्रपोर्शनलचा आणखी एक गुण घाटात कामाला येतो. सेन्सरला उतार आणि मंदावणं यातला फरक कळत नाही. १० टक्के उतारावर एकाच वेगाने उतरत असताना पेडल दाबलं तरी त्याला सुमारे ०.१ जी (गुरुत्वाकर्षणाच्या दहाव्या भागाएवढं) मंदावणं दिसतं, आणि तो ट्रेलरला थोडा जास्त ब्रेक देतो. उतारावर हेच हवं असतं. मात्र काही मॉडेल ठरावीक कोनातच बसवावी लागतात, त्यांचं तोंड गाडीच्या लांबीच्या रेषेत हवं. डॅशबोर्डखाली डुगडुगत्या पत्र्यावर बसवलेला सेन्सर खड्ड्यालाही ब्रेक समजतो. पक्क्या भागाला स्क्रू मारा.

कंट्रोलरवर हाताने चालवायचा लिव्हर किंवा बटण असतं, त्याने गाडीचा पाय-ब्रेक न लावता एकट्या ट्रेलरचा ब्रेक लागतो. उजव्या हाताला, न बघता सापडेल अशा जागी ते हवं. गरज पडते तेव्हा शोधायला वेळ नसतो.

वायरिंग

कंट्रोलरच्या चार वायरी. काळी बॅटरीच्या प्लसला, मध्ये आपोआप रिसेट होणारा २० अँपिअरचा सर्किट ब्रेकर, आणि तो बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ. पांढरी थेट बॅटरीच्या मायनसला, डॅशमागच्या कुठल्याशा बोल्टला नाही. लाल ब्रेक पेडलच्या स्विचच्या त्या टोकाला, जिथे पेडल दाबल्यावरच १२ व्होल्ट येतात. निळी मागे ट्रेलरच्या सॉकेटकडे. मॅग्नेटकडे जाणारा सगळा करंट काळीतून येतो आणि निळीतून जातो, म्हणून या दोन जाड हव्यात. लालमधून फक्त इशारा जातो.

नव्या गाड्यांत ब्रेकचा दिवा बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, सांभाळतं. स्विचवर १२ व्होल्टऐवजी भलतंच काही मिळू शकतं. मल्टिमीटर लावून पेडल दाबून-सोडून बघा, पार्किंग दिवे चालू करून बघा, इंडिकेटर लावून बघा. पेडल सोडलेलं असताना शून्य, दाबल्यावर पूर्ण व्होल्टेज, बाकी कशानेही न हलणारं, अशीच जागा धरा.

आता सगळ्यात धोक्याची चूक. आपल्याकडे सहज मिळणारा गोल सात पिनचा युरोपियन नमुन्याचा सॉकेट आहे, त्यात डावा इंडिकेटर, फॉग, अर्थ, उजवा इंडिकेटर, उजवा टेल, स्टॉप आणि डावा टेल अशा सात जागा असतात. इलेक्ट्रिक ब्रेकला त्यात जागाच नाही. मग वायरिंगवाला मॅग्नेट स्टॉप लाइटच्या पिनला जोडून देतो, कारण पेडल दाबलं की तिथे करंट येतोच. याचा अर्थ असा की पाय नुसता टेकवला तरी मॅग्नेटना पूर्ण १२ व्होल्ट मिळतात, ट्रेलरची चाकं जाम होतात, आणि दिव्यासाठी असलेल्या बारीक वायरीतून ६ अँपिअर ओढले जातात. ओल्या रस्त्यावर हे जीवावर बेतू शकतं. ब्रेकसाठी स्वतंत्र जाड पिनवाला सॉकेट घ्या. अमेरिकन चपट्या सात पिनच्या सॉकेटमध्ये ती जागा असते. नाहीतर ब्रेक आणि त्याच्या परतीच्या अर्थसाठी दुसरा वेगळा प्लग द्या.

वायरच्या जाडीचा हिशोब करून दाखवतो. १० इंची ब्रेकचा एक मॅग्नेट साधारण ३ अँपिअर घेतो, दोन मिळून ६. कंट्रोलरपासून मॅग्नेटपर्यंत जायला ८ मीटर आणि परत यायला ८ मीटर धरा. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीचा रोध या १६ मीटरला सुमारे ०.३ ओम होतो, म्हणजे १.८ व्होल्ट वाटेतच गेले. ४ चौरस मिलिमीटरची घातली तर नुकसान अर्ध्या व्होल्टच्या आत राहतं. मॅग्नेटची पकड करंटवर असते, आणि १२ पैकी १.८ व्होल्ट जाणं म्हणजे करंटचा सातवा भाग कमी. तेवढ्यासाठी लोक गेन वाढवत बसतात. वायरच्या दुकानात २.५ पुरेल असं सांगतील, तुम्ही ४ चीच घ्या.

परतीची वायर वेगळी ओढा. ट्रेलरची चेसिस किंवा हुकाचा गोळा अर्थ म्हणून वापरू नका. गोळ्याला ग्रीस असतं, धूळ असते, आणि खड्ड्यात क्षणभर संपर्क सुटला की नेमका त्याच क्षणी ब्रेक जातो. मॅग्नेटच्या दोन वायरींत प्लस-मायनस असा भेद नसतो, कोणतीही एक ब्रेकच्या लाइनला, दुसरी परतीच्या अर्थला. दोन्ही चाकांचे मॅग्नेट समांतर जोडायचे, एकामागे एक नाही.

काही ॲक्सलमध्ये डावीकडून उजवीकडे जाणारी वायर ॲक्सलच्या पाइपातून नेलेली असते. आत ती हादऱ्याने घासत राहते, इन्सुलेशन सोलवटतं, आणि कंट्रोलर शॉर्ट दाखवायला लागतो. तोही खड्ड्यातच दाखवतो, उभ्या गाडीत सगळं ठीक. असा ये-जा करणारा दोष सापडायला फार त्रास देतो. वायर पाइपाबाहेरून कंड्युटमध्ये घ्या, दर फूटभरावर क्लिप मारा. जोड पिळून टेप गुंडाळून करू नका. क्रिंप करा, गोंदवाली हीट श्रिंक चढवा. काळ्या मातीचा चिखल टेपच्या आत शिरतो आणि वाळल्यावरही ओल धरून ठेवतो. एका पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं.

शू ॲडजस्ट करणं

हे काम कोणीही घरी करू शकतो आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. चाक जॅकवर उचला, ॲक्सलखाली स्टँड द्या, जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. बॅकिंग प्लेटच्या तळाला रबरी बूच असलेली लांबट खाच असते. बूच काढून आत बघितलं की दातेरी चक्र दिसतं. ब्रेकचा चमचा किंवा मोठा पेचकस घालून ते एकेक दात फिरवायचं, दुसऱ्या हाताने चाक फिरवत राहायचं. चाक हाताने फिरवायला फार जड होईपर्यंत घट्ट करा. म्हणजे शू ड्रममध्ये मध्यावर येतात. मग उलट दिशेने सोडत या, चाक मोकळं फिरेल पण शू हलकेच घासल्याचा आवाज येत राहील इतपत. साधारण दहा दात मागे यावं लागतं, पण आकड्यापेक्षा आवाजावर विश्वास ठेवा. दोन्ही चाकांचा आवाज सारखा हवा.

नवीन ब्रेकला पहिल्या ३०० किलोमीटरनंतर हे पुन्हा करा, कारण नवं लायनिंग लवकर बसतं. पुढे दर ५,००० किलोमीटरला, किंवा वर्षातून एकदा. सेल्फ-ॲडजस्टिंग लिहिलेले ब्रेक असले तरी वर्षाकाठी एकदा खाचेतून हात घालून बघाच, धुळीने त्यांचा लिव्हर अडकतो.

ड्रम उतरवलाच आहे तर मॅग्नेट बघा. तोंडावर सरळ पट्टी ठेवा. सपाट झिजलेला असेल तर ठीक. एका बाजूने उतरता झिजला असेल तर लिव्हर वाकलाय किंवा बेअरिंग ढिलं आहे, नुसता मॅग्नेट बदलून भागणार नाही. मल्टिमीटरने त्याच्या दोन वायरींमध्ये मोजा, १० इंचीला ३ ओमच्या थोडं वर येतं. मग एक प्रोब वायरीला आणि एक मॅग्नेटच्या धातूच्या अंगाला लावा. इथे काहीही दाखवता कामा नये. दाखवलं तर आतली कॉइल शॉर्ट आहे. मॅग्नेट एका ॲक्सलचे जोडीनेच बदलायचे, आणि आर्मेचरवर खोल चरे असतील तर नवा मॅग्नेट घालण्याआधी एमआयडीसीतल्या टर्नरकडून तो पृष्ठभाग लेथवर साफ करून घ्यायचा.

लायनिंगवर ग्रीस दिसलं तर पेट्रोलने धुऊन परत बसवायचा मोह आवरा. ग्रीस लायनिंगच्या आत मुरतं, तापल्यावर परत बाहेर येतं. शू बदला, आणि मागचं ऑइल सील का फुटलं ते शोधा. बाहेरच्या निपलमधून ग्रीस गन जोराने दाबत राहिलं की हे होतं. चाक फिरवत, हळूहळू, जुनं ग्रीस पुढून बाहेर येताना दिसेल एवढंच भरायचं. बेअरिंगचा नट आधी चाक फिरवत सुमारे ६८ न्यूटन-मीटरला आवळा, मग पूर्ण सोडा, मग नुसत्या बोटांनी घट्ट करा आणि स्प्लिट पिन घाला. पान्याने आवळून ठेवलेलं बेअरिंग समृद्धीवर तासाभरात जळतं.

गेन लावणं

नव्या ब्रेकला आधी घासून बसवावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० ला जायचं, हाताच्या लिव्हरने एकट्या ट्रेलरच्या ब्रेकवर ३० पर्यंत यायचं, मध्ये दीड-दोन किलोमीटर थंड होऊ द्यायचं, असं वीस-तीस वेळा. याआधी लावलेला गेन पुढे खोटा ठरतो, कारण घासून बसल्यावर ब्रेकची पकड बरीच वाढते.

मग ट्रेलर प्रवासाला निघताना असतो तसा भरा, पाण्याच्या टाकीसकट. टायरची हवा बघा. थोडं चालवून ब्रेक कोमट करा. सपाट, कोरड्या, रिकाम्या डांबरी रस्त्यावर ताशी ४० ला गाडी न्या, पाय-ब्रेकला हात न लावता, म्हणजे पायच बाजूला ठेवून, लिव्हर पूर्ण दाबा. ट्रेलरने गाडीला मागून धरल्यासारखं वाटायला हवं. एक माणूस कडेला उभा करा, त्याला चाक जाम होतं का ते बघायला सांगा. एकेक पायरी वाढवत चाक जाम होईपर्यंत जा, मग जाम होणं थांबेल एवढं खाली या. तो तुमचा त्या वजनाचा, त्या रस्त्याचा गेन. वजनदार भरलेला ट्रेलर कोरड्या डांबरावर जाम होणारही नाही, तेव्हा गाडी न ढकलता न खेचता थांबते का एवढंच बघायचं. बूस्टची (पेडल दाबताच सुरुवातीलाच जास्त ब्रेक देण्याची) सोय असेल तर लहान ट्रेलरला ती बंदच ठेवा.

शेवटचा आकडा गाठूनही ब्रेक मिळमिळीत लागत असेल तर पुढे जाऊ नका. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर निळ्या वायरीवर लावा, गेन पूर्ण, लिव्हर पूर्ण. दोन मॅग्नेटला ६ अँपिअरच्या आसपास दिसलं तर वीज पोचतेय, दोष शू, ग्रीस किंवा आर्मेचरमध्ये आहे. ३ दिसले तर एका चाकाची वायर तुटली आहे. ४ किंवा ५ असे अधलेमधले दिसले तर अर्थ किंवा सॉकेटच्या पिना बघा. साधा मल्टिमीटर व्होल्टेजची सरासरीच दाखवतो, कारण कंट्रोलर करंट तुकड्या-तुकड्यांनी सोडतो. म्हणून मोजणी नेहमी पूर्ण गेनवरच करा.

गेन एकदा लावून विसरायची गोष्ट नाही. रिकामा ट्रेलर परत आणताना कमी करा. पावसात कमी करा. धरणाच्या काठच्या मुरमाड वाटेवर उतरण्याआधी कमी करा. खडीवर जाम झालेलं ट्रेलरचं चाक आडवं सरकतं आणि गाडीची शेपूट बरोबर नेतं.

घाट आणि महामार्ग

औट्रम घाट, फर्दापूरकडे उतरणारा अजिंठ्याचा घाट, मांजरसुंब्याचा घाट, धारूरचा घाट: उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या. पेडल हलकं दाबून धरून उतरू नका. वेग ४० झाला की ठाम दाबून ३० वर आणा आणि सोडून द्या, ड्रमला श्वास घेऊ द्या. हाताचा लिव्हर सतत ओढून ट्रेलरच्या जिवावर घाट उतरणं तर अजिबात नको. तापलेला ड्रम फुगतो आणि शूपासून लांब जातो. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, मॅग्नेट १०० अंशांनी तापला तर त्यातला करंट एक चतुर्थांशापेक्षा जास्त घटतो. नेमकी गरज असताना ब्रेक असा दोन्ही बाजूंनी कमी होतो. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात सुरुवातच चाळीसच्या पुढून होते.

पायथ्याला थांबून दोन्ही हबजवळ हात न्या, चिकटवू नका. एक गरम आणि एक गार असेल तर गारवाल्या चाकाचा ब्रेक लागत नाही आणि गरमवाला दोघांचं काम करतोय. जळका वास आला तर थंड होईपर्यंत थांबा. पाणी ओतू नका, तापलेला ओतीव ड्रम तडकतो.

समृद्धीवर वेगळा धोका आहे. मोठी बस किंवा कंटेनर शेजारून गेला की हवेच्या झोताने ट्रेलर डुलायला लागतो. अशा वेळी पाय-ब्रेक मारला तर गाडी हळू होते, ट्रेलर ढकलतो आणि डुलणं वाढतं. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि हाताचा लिव्हर थोडा-थोडा ओढा. ट्रेलर मागे खेचला जाऊन सरळ होतो. डुलण्याचं मूळ बहुतेक वेळा सामान मागे भरल्यात असतं. हुकावर ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हवा, म्हणजे १,१०० किलोला ११० किलो. धान्याच्या काट्यावर हुकाचं टोक ठेवून हे मोजता येतं. तुमच्या हुकाला किती उभा भार चालतो तेही त्याच वेळी बघून घ्या. आणि ८० च्या वर जाऊ नका, कारला परवानगी कितीही असो.

ब्रेक-अवे

हुक सुटला, साखळीही तुटली तर ट्रेलरला स्वतःहून थांबवणारी ही शेवटची सोय. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर स्विच, त्याची पिन बारीक केबलने गाडीला बांधलेली. पिन निघाली की ट्रेलरवरची १२ व्होल्टची बॅटरी सरळ मॅग्नेटना जोडली जाते. केबल गाडीच्या पक्क्या भागाला बांधा, साखळीला किंवा हुकाच्या गोळ्याला नाही. गोळाच निघाला तर केबल त्याच्याबरोबर जाईल.

अमेरिकेच्या नियमात व्यावसायिक ट्रेलरचे असे ब्रेक १५ मिनिटं लागलेले राहावेत अशी अट आहे, ती धरून चालायला हरकत नाही. दोन मॅग्नेटचे ६ अँपिअर १५ मिनिटं म्हणजे दीड अँपिअर-तास. यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी याला पुरते, पण ती भरलेली असेल तरच. पूर्ण चार्ज असेल तर निवांत असताना १२.६ व्होल्ट किंवा त्याहून वर दिसतात. आपल्या उन्हात या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत दमतात, तारीख लिहून ठेवा.

तपासणी दर सहलीला: आधी ट्रेलरचा प्लग गाडीतून काढा, नाहीतर बॅटरीचा करंट उलटा कंट्रोलरमध्ये जाऊन तो बिघडू शकतो. चाक उचलून फिरवत ठेवा, पिन ओढा, चाक जागच्या जागी थांबलं पाहिजे. पिन लगेच परत घाला. तशीच राहिली तर बॅटरी संपते आणि मॅग्नेट तापतात.

पावसाळ्यात चार महिने उभ्या राहिलेल्या ट्रेलरच्या आर्मेचरला गंज चढतो आणि पहिल्याच ब्रेकला चाक धरल्यासारखा झटका बसतो. ऑक्टोबरमध्ये बाहेर काढण्याआधी ड्रम उतरवा, आर्मेचर पॉलिश पेपरने साफ करा, वाळलेला चिखल खरवडून काढा, शू ॲडजस्ट करा, आणि गेन नव्याने लावा. वाटेत नळकांडी पुलावरून पाण्यातून गेलात तर पलीकडे थोडं अंतर लिव्हर हलका दाबून चाला, म्हणजे ड्रम वाळतात. डिकीत एक मॅग्नेटची जोडी, एक ऑइल सील, स्प्लिट पिना, ४ चौरस मिलिमीटरची पाच मीटर वायर, क्रिंप लग आणि ब्रेकचा चमचा एवढं ठेवा. १० इंची मॅग्नेट बीड किंवा हिंगोलीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मागून मिळत नाही.